सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार. तोंडी सांगितलं की लोक म्हणतात, "काका, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." लिहिलेलं असलं की तारीख-वार तोंडावर मारता येतो. वही मुलीची जुनी, अर्धी कोरी. रेघा इतक्या फिकट छापल्यात की एक ओळ दुसरीवर चढते. कागदवालेसुद्धा चोर झालेत.

तर झालं असं. सकाळी सहा वीसला रोजच्यासारखी व्हॅनला चावी लावली. सेल्फ फिरला. घर्र घर्र घर्र, चांगला दमदार. पण इंजिन काही पकडेना. परत मारला, परत तेच. काल संध्याकाळी याच व्हॅननं मी मंडईतून सामान आणलंय, एकदाही कुरकुरली नव्हती. बाहेर धुकं होतं, गारठा होता, पण गारठ्याला घाबरणारी ही गाडी नाही.

आठ मुलं आहेत माझ्याकडे. सकाळी शाळेत सोडायची, दुपारी घरी. एकतीस वर्षं हाच धंदा, आणि गाडी बंद पडली म्हणून एका मुलाची शाळा बुडली असं आजवर झालेलं नाही. सव्वासातला शेवटी फोन करायला घेतले तर पहिल्याच आईनं सांगितलं, "हो काका, निळी व्हॅन आलीये, बसला तो."

निळी व्हॅन म्हणजे पलीकडच्या गल्लीतला निळ्या. वय पस्तीस, तोंडात साखर. माझी गाडी बंद पडते काय आणि हा आठच्या आठ मुलं उचलून नेतो काय! याला सांगितलं कुणी?

पावणेदहाला ऊन आलं. सहज चावी फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. आता बोला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्री येऊन गेला. बारा वर्षं माझी गाडी हाच बघतो. मी आधीच सांगून टाकलं, सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. त्यावर वेळ घालवून मला शिकवू नकोस. तो हसला. म्हणाला, "मग तीनच गोष्टी राहिल्या काका. ठिणगी, पेट्रोल आणि हवा. तिन्हींतली एक नसली की झालं."

प्लग काढून बघितले, ठिणगी निळीशार. हवेची जाळी साफ. पेट्रोल येतंय. गाडी तर त्याच्यासमोर सहा वेळा सुरू झाली, लाडक्या नातीनं पाहुण्यांसमोर कविता म्हणावी तशी.

"बंद असताना बोलवा," म्हणाला. म्हणजे दोष सापडला नाही. का सापडायचाच नव्हता? गेल्या महिन्यात निळ्याच्या गाडीचं काम यानंच केलं होतं. पाणी मुरतंय कुठंतरी.

जाता जाता व्हॅनच्या डाव्या अंगावरचा नवा ओरखडा बघून म्हणाला, "हा कधी?" मी सांगितलं, गेटचा खांब. तो खांब कुणीतरी आत सरकवलाय. एकतीस वर्षं मी तिथून गाडी सरळ काढतो, ती आताच कशी घासली? मिस्त्री खांबाकडे बघत राहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा! पुन्हा तेच.

दाट धुकं. सेल्फ फिरतोय, गाडी सुरू नाही. पण आज मी डोकं शांत ठेवलं. सेल्फ मारून मागं गेलो, सायलेन्सरला नाक लावलं. पेट्रोलचा वास नाही. इंजिनात पेट्रोल जाऊन जळलं नसतं तर वास आला असता. म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. मग आत बसून नुसती चावी अर्धी फिरवली आणि कान दिला. एरवी मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गुं आवाज येतो. आज ठणठणीत शांतता. पंपाला वीजच जात नाही!

बायको दारात उभी होती, हात पिठाचे. "राहू द्या हो आज," म्हणाली. "थंडीत कशाला त्या गाडीशी झटताय? आत या, चहा घ्या." तिला काय कळणार. धंदा बसायची वेळ आली आणि ही म्हणते चहा घ्या.

फोन केले. आठही मुलं गेलेली. कुणी चिडलंही नाही. लवंगीची आई म्हणाली, "असू दे हो काका, तुम्ही काळजी करू नका." लवंगी ही सगळ्यांत लहान, पहिलीतली. नाव मी ठेवलंय, कारण बसल्यापासून उतरेपर्यंत तडतडत असते. तिची आई एरवी दोन मिनिटं उशीर झाला तरी घड्याळ दाखवते. आज तिला एवढी माया कुठून सुटली? निळ्यानं आधीच कान भरून ठेवलेत, दुसरं काय.

दहा वाजता ऊन. चावी फिरवली, गुं. सुरू.

१० फेब्रुवारी, सोमवार

शुक्र, शनि, आज, तिन्ही दिवस लख्ख ऊन आणि गाडी सुतासारखी सरळ. मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "ओल धरत असेल काका. धुक्यात वायरिंगला दमटपणा येतो. धुकं असेल त्या दिवशी काढूच नका ना गाडी." वा रे सल्ला! छत्रीवाल्यानं सांगावं, पाऊस आला की घरात बसा.

मुलीचा फोन आला. गाडीचं सांगायला लागलो तर म्हणते, "बाबा, ते राहू द्या, डोळे तपासलेत का?" कुठून कुठं! मी विचारलं, तुला कुणी सांगितलं माझ्या डोळ्यांचं? म्हणाली, आईला द्या फोन. मग बायकोनं फोन घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलत बसली. मायलेकींचं खलबत चालू द्या. पण संध्याकाळी हीसुद्धा तेच घेऊन बसली, "गेल्या महिन्यात त्या धुक्यात सायकलवाला मरता मरता वाचला. लवंगी घरी जाऊन रडली."

तो सायकलवाला धुक्यातून अचानक उगवला, घंटी नाही, दिवा नाही. ब्रेक मीच दाबला ना? आणि ही गोष्ट हिच्यापर्यंत पोचली कशी? मी विचारलं, "तुला कुणी शिकवलं हे बोलायला?" तर ताट उचलून आत गेली.

डोळ्यांचे डॉक्टर मला चांगले माहीत आहेत. आत पाऊल टाकलं की ऑपरेशन सांगतात. दिव्यांभोवती हल्ली जे धुरकट कडं दिसतं ते सगळ्या गावाला दिसत असणार, हवाच तसली झालीये. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! चोर नाही सापडला, पण चोरी सापडली.

सकाळी धुकं, गाडी बंद, पंप मुका. मी सरळ बॉनेट उघडलं आणि फ्यूजची पेटी काढली. तिच्यात रिले असतात. काडेपेटीपेक्षा लहान काळ्या डब्या. चावी फिरवली की ज्याची त्याची डबी वीज सोडते, पंपाची पंपाला, हॉर्नची हॉर्नला. दोन्ही डब्या एकसारख्याच, अदलाबदल केली तरी चालतात. मी हॉर्नची काढली आणि पंपाच्या जागी खोचली. चावी मारली. गुं! गाडी सुरू!

म्हणजे पंपाची डबी मेलेली होती. एवढ्यावर कुणीही थांबला असता. पण मी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, परत फिरवलं. खाच नाही! माझ्या प्रत्येक वस्तूला मी कानशीनं दोन खाचा मारतो. पान्यांना, जॅकला, रिलेना, स्टेपनीच्या नटांनासुद्धा. बायको हसते, पण बारा जणांच्या हाताखालून गेलेली गाडी मी काय भरवशावर सोडू? हॉर्नच्या डबीला दोन खाचा आहेत. पंपाच्या जागी जी होती तिला एकही नाही.

ती माझी डबीच नाही. कुणीतरी माझी चांगली काढून जळकी बसवली होती.

आता म्हणा, काकांचा गैरसमज झाला.

गाडी सुरू झाली तोवर आठ वाजले होते, मुलं निळ्याबरोबर गेली होती. जळकी डबी रुमालात गुंडाळून कपाटात कुलपात ठेवली. पुरावा आहे तो. हॉर्नची जागा तूर्त मोकळी. बायकोला सांगितलं तर मटकन खुर्चीत बसली. घाबरली बिचारी. म्हटलं, तू भिऊ नकोस, मी आहे ना. या सगळ्यात एक तीच अशी आहे की जिच्यावर डोळे मिटून विसंबावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं चालेनासं झालंय.

ऊन होतं. गाडी सुरू झाली, मुलं सोडली. शाळेच्या फाटकाशी एक बाई आडवी आली म्हणून सवयीनं हॉर्न दाबला, आणि तो वाजला! हॉर्नची डबी तर मी कालच काढलीये. कडेला थांबून पेटी उघडली. हॉर्नच्या जागी डबी बसलेली. नख फिरवलं. दोन खाचा.

माझीच डबी. चोरानं परत आणून ठेवली.

कुठला चोर नेलेली वस्तू परत आणून जागेवर लावतो? आणि नेमकी रिकामी जागा हुडकून? हा नुसता चोर नाही, माझी टर उडवतोय. गाडीला कुलूप असतं. चावी माझ्याजवळ, दुसरी घरात खिळ्याला. घरी येऊन आधी खिळा बघितला. चावी आहे. बायको म्हणाली, "आहे की तिथंच, कुठं जाणार?" म्हणजे तिसरी चावी कुणीतरी करून घेतलीये. गाडी कुणाकडे दुरुस्तीला दिवस दिवस असते? मिस्त्रीकडे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुद्दाम बोलावलं त्याला, चेहरा बघायला. सगळं सांगितलं नाही, म्हटलं, रिलेची पेटी एकदा बघ. त्यानं झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं. कडेला पांढरी पूड होती. बोटावर घेतली, चोळली, नाकाशी नेली. मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिला.

"काय आहे रे?"

"काही नाही. बॅटरीची पूड असेल. उडून आली असेल."

बॅटरी इकडे, पेटी तिकडे, हातभर अंतर. खोटं बोलताना याची मान खाली जाते, बारा वर्षांत एवढं कळलंय मला. मी चष्मा आणायला आत गेलो, तर तेवढ्यात हा आणि बायको ओट्याशी हळू आवाजात बोलताहेत. मला बघितलं आणि दोघं गप्प. नंतर तिला खोदून विचारलं तर म्हणाली, "चहात साखर किती, ते विचारत होते." बारा वर्षं बिनसाखरेचा पितो तो! हिचा स्वभाव भोळा, कुणीही गोड बोलून काहीही काढून घेईल हिच्याकडून. दुसरी चावीसुद्धा.

निघताना मिस्त्री म्हणाला, "काका, तुमच्या गाडीत काहीही बिघाड नाही. शपथेवर सांगतो." मग घुटमळला. "काकूंचं ऐकत जा जरा."

याला माझ्या घरात नाक खुपसायचं कारण काय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

बॉनेटला कडी-कोयंडा ठोकून घेतला. स्वतःच भोकं पाडली, स्वतःच बोल्ट आवळले. दोनदा चुकून पत्र्याबाहेर गेलं ड्रिल, आजकाल बिट पण वाकडे येतात. अंगठा फाटला थोडा. पण आता हे एवढं जाड पितळी कुलूप, आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. तिसरी चावी असो नाहीतर तेरावी, बॉनेट उघडून दाखवा म्हणावं.

बायको अंगठ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाली, "किल्ली कुठं ठेवलीत?"

"गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढणार नाही."

तिचा चेहरा उतरला. पट्टी अर्धीच बांधून बसून राहिली. मग माझा हात तसाच हातात धरून म्हणाली, "एकदा, फक्त एकदा डोळे दाखवून या. मी पाया पडते तुमच्या."

तिच्या आवाजानं मला कसंतरीच झालं. पण मी म्हटलं, "आधी चोर पकडतो, मग डोळे." जेवली नाही ती. तिलाही निळ्याची भीती बसलीये.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस ऊन. गाडी उत्तम. कुलपाला कुणी हात लावलेला नाही. हल्ली मी निघालो की बायको गेटात येऊन उभी राहते आणि दुपारी परत येतो तेव्हाही तिथंच असते. राखण करत असेल. लवंगी आज विचारत होती, "काका, तुम्ही सिग्नलला मला का विचारता हिरवा झाला का?" म्हटलं, तुझा अभ्यास घेतो. हसली.

उद्या धुकं पडणार असं रेडिओवर सांगितलं. पडू दे. उद्या कळेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो. सगळं लिहायचं ठरवलं होतं ना.

सहाला उठलो. धुकं असं की अंगणातून गेट दिसेना. बायको अंथरुणात नव्हती, स्वयंपाकघरातही नव्हती. वाटलं मागं गेली असेल. कुलूप बघितलं, जसंच्या तसं. आत बसलो, चावी अर्धी फिरवली. गुं! पुरती फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू!

धुक्यात सुरू! ओल नाही, दमटपणा नाही, काही नाही. कुलूप लावलं आणि गाडी सुरू झाली, म्हणजे माझंच खरं! इतका आनंद झाला की एकटाच मोठ्यानं हसलो. काच पुसली. दिवे लावले. निळ्याला ऐकू जावं म्हणून दोनदा हॉर्न दाबला. पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

पाच-सहा पावलं गेलो असेन. बॉनेटवर धाडकन काहीतरी आपटलं.

ब्रेक दाबला. डोक्यात पहिलं काय आलं तेही लिहितो, लाज वाटली तरी. मला वाटलं, चोर सापडला. "सापडलास!" असं ओरडतच मी खाली उतरलो.

बायको होती. दोन्ही तळवे बॉनेटवर टेकून उभी, बंपर गुडघ्याला लागलेला. अंगात लाल स्वेटर. लालभडक, मुलीनं पाठवलेला, जो ती कधी घालत नाही.

"अगं, कुठून आलीस मध्येच?" मी किंचाळलो.

"कुठून आले नाही," ती म्हणाली. "इथंच आहे. तुम्ही कुलूप तपासलंत तेव्हापासून इथंच उभी आहे. सहा पावलांवर. तुम्ही काच पुसलीत, दिवे लावलेत, माझ्याकडे बघून हसलात, माझ्याकडे बघून हॉर्न वाजवलात. आणि गाडी माझ्या अंगावर घातलीत."

मी गाडीकडे बघितलं, मग तिच्या स्वेटरकडे.

"मी लाल घालून उभी होते हो. आणि लवंगी माझ्या कमरेलासुद्धा लागत नाही."

मग तिथंच, गाडीच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. धुकं पडलं की पहाटे पाचला उठायची, कणीक मळायला घ्यायची आणि खिळ्यावरची चावी घेऊन बाहेर यायची. पंपाची डबी काढून जळकी बसवायची, ऊन आलं की चांगली परत लावायची; तीच शेवटी तिनं हॉर्नच्या रिकाम्या जागी खोचली. जळकी डबी माझ्याच भंगाराच्या डब्यातली. माझ्या गाडीला न लागलेल्या जळक्या वस्तूला मी खाच मारत नाही. डब्या बदलायची युक्ती मीच तिला दाखवली होती, वीस वर्षांपूर्वी, रस्त्यात अडकलो होतो तेव्हा. निळ्याला फोन तीच करायची, मुलांच्या घरीही तीच. फक्त गाडी नादुरुस्त आहे एवढंच सांगायची. आणि ऊन असलं की गेटात उभी राहून जीव मुठीत धरायची, मी परत येईपर्यंत.

"मला सरळ सांगायचंस," मी म्हटलं.

"किती वेळा सांगितलं? प्रत्येक वेळी तुम्ही एकच विचारलंत, तुला कुणी शिकवलं."

तिचा गुडघा सुजलाय. मी तेल लावलं. ती मुळीच रडली नाही. मी रडलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निळ्या रिक्षा घेऊन आला, आम्हाला दवाखान्यात सोडलं, दोन तास बाहेर बसून राहिला. मी त्याच्याशी काय बोलू? वाटेत फक्त म्हटलं, "मुलांना सांभाळून ने." तो म्हणाला, "नेतो काका."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेले. ऑपरेशन दोन आठवड्यांनी, आधी एक, मग दुसरा. नंतर स्वच्छ दिसेल म्हणाले. डॉक्टरनं सहज विचारलं, "काम काय करता?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरीच असतो."

डॉक्टरलाही खोटंच सांगितलं मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठही घरी जाऊन आलो. बायको म्हणत होती, फोन करा. पण फोनवर मी काहीतरी बोलून सुटलो असतो, तब्येत बरी नाही, वय झालं. मी ठरवलं, उभं राहून सांगायचं.

सात घरी सांगितलं. काहींनी पाणी दिलं. एका वडिलांनी आवाज चढवला, मी ऐकून घेतलं.

शेवटचं घर लवंगीचं. तिची आई दारात आली, हसली. "या ना काका, आत या. गाडी झाली का नीट?"

"गाडी नीटच होती," मी म्हटलं. "मला दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"गेलं वर्षभर तरी. धुक्यात समोर लाल कपड्यात माणूस उभा असला तरी दिसत नव्हता. सिग्नल तुमच्या मुलीला विचारून ओलांडत होतो. तो सायकलवाला अचानक आला नव्हता. मला दिसलाच नव्हता."

तिचं हसू तसंच राहिलं तोंडावर, आवरायचं विसरल्यासारखं. तेवढ्यात लवंगी धावत बाहेर आली. काका, काका करत माझ्या पुढ्यात उभी राहिली आणि हात हलवून म्हणाली, "मी दिसतेय का? सांगा, किती बोटं?"

मी वाकलो. सांगणार होतो, तीन. पण मागून तिच्या आईचा हात आला, लवंगीचा खांदा धरला, आणि तिला मागे ओढून घेतलं. दार लागलं नाही, पण अर्धं पुढं झालं.

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर पुरतं लावलं असतं.